किरणखान्याच्या पाच नेत्रबिल्ल्यांची बखर

श्री. जो प्रकाश डोळ्यांस दिसतो त्यास नमस्कार असो, आणि जो दिसत नाही व डोळ्यांतून आरपार जातो त्यास दुरूनच नमस्कार असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, या साली एका राज्यात जे वर्तमान घडले ते मागाहून येणाऱ्या मंडळींस ठाऊक असावे म्हणोन लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. लिहिले तर तेथील मंडळी रुसतील, आणि न लिहिले तर दहा राज्यांची मंडळी हे आपलेच म्हणतील, त्यास आमचा इलाज नाही. लिहिणार तेथील किरणखान्याचा कारकून. काम इतकेच की कागद आला की वाचावा, गेला की नोंदावा, आणि खिडकीपलीकडे जे दिसेल ते पाहून गप्प बसावे. हे शेवटचे काम आम्ही फार चोख केले, त्याचा वृत्तांत पुढे येईल.

त्या राज्यात अठरा कारखाने पूर्वापार होते, आणि एकोणिसावा किरणखाना अलीकडे उभा राहिला. तेथे एक यंत्र. त्याच्या पोटातून ऐसा किरण निघे की कातडे-मांस त्यास आडवे येत नसे, आणि आतील हाडे, धमन्या व धडधडते काळीज समोरच्या पडद्यावर चित्रासारखे उमटे. ज्याच्या काळजाची धमनी तुंबली त्यास मेजावर उताणा निजवीत, मनगटातून केसाएवढी तार आत सोडीत, आणि पडद्यावर पाहत पाहत ती काळजापावेतो नेऊन तुंबले ठिकाण मोकळे करीत. रोगी सारा वेळ जागा असे. पायाखालची पट्टी दाबिली की किरण चाले आणि पाय उचलिला की थांबे. परंतु हा किरण रोग्याच्या अंगावर आपटून चहूकडे उडे, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तैसा, आणि रोगी एक वेळ त्यात येऊन घरी जाई, खान्याची मंडळी मात्र रोज त्यात उभी. म्हणोन अंगास शिशाचे चिलखत होते, गळ्यास शिशाची पट्टी होती, आणि डोळे उघडे होते. डोळ्यांसाठी शिशाची ऐनक आणिली होती, ती नाकास जड पडे आणि वाफेने धुके धरी, म्हणोन ती खुंटीस. छतास टांगलेली शिशाच्या काचेची मोठी ढालही होती, वैद्य व यंत्र यांच्यामध्ये ओढून घ्यावी म्हणजे किरण अडे, आणि काचेतून सर्व दिसे. ती ढाल आली तेव्हा खंडेनवमी चार दिवसांवर होती. ढाल म्हणजे शस्त्र, तिची पूजा नको काय. मग तिजला हळद-कुंकू वाहिले, गंधाचे पट्टे ओढिले, झेंडूची माळ घातली, आणि पूजिलेली वस्तू हलवू नये म्हणोन भिंतीकडे सारून दोरीने बांधिली. दुसरे साली त्यावर आणखी कुंकू. तिसरे साली काचेतून पलीकडचे काही दिसेना, आणि ते पुसण्याची कोणाची छाती होईना.

या खान्याचे मुख्य वैद्यराज भुजंगराव. वय पंचावन्न, बांधा उंच, आणि हात ऐसा हलका की रोगी म्हणत, आत काही शिरले हेच कळले नाही. चाळीस कोसांत हे काम जाणणारा दुसरा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट रावांस ठाऊक होती, आणि ती त्यांस ठाऊक आहे हे सर्वांस ठाऊक होते. बावीस वर्षांत त्यांणीं नऊ हजार काळजे मोकळी केली. त्यांच्या हाताशी सतरा वर्षे उभ्या राहणाऱ्या मथुबाई परिचारिका. ठेंगण्या, सावळ्या, बोलणे थोडे, आणि रावांनी जिन्नस मागण्याआधी तो रावांच्या हातात. गेले वर्षभर काम चालू असता बाई मेजावर वाकून तोंडातल्या तोंडात काही बोलत. पाहणारे म्हणत, बाई भाविक, रोग्यासाठी स्तोत्र म्हणतात. आम्हीही लोकांत तसेच म्हणत असू.

मग चैत्रमासी हुजुरातून हुकूम आला. त्यात लिहिले होते कीं, पूर्वी डोळ्यांस वर्षाकाठी किरणाच्या दीडशे मात्रा चालतील ऐसी समजूत होती, परंतु जाणत्यांनी शोध केला त्यावरून डोळा त्याहून फार नाजूक ठरला, थोड्या थोड्या किरणानेही त्याचे भिंग गढुळते व मोतीबिंदू होतो, तरी आता वर्षास वीस मात्रांची हद्द. कोणास किती पडतो हे कळावे म्हणोन पाच नेत्रबिल्ले पाठविले आहेत, ते डोळ्याजवळ लावावे, दर तीन मासांनी आम्हांकडे धाडावे, आम्ही पाहून आकडा कळवू. ज्याचा आकडा तिमाहीत पाचांवर जाईल त्यास खान्याबाहेर बसवून चौकशी करावी. हुकूम आम्हीच वाचून दाखविला. बिल्ले नखाएवढे, निळ्या पट्टीत बसविलेले, दिसावयास सुरेख. आणि येथेच घोटाळा जाहला. राज्यात आजवर हुजुरातून जी जी वस्तू पट्टीत बसवून आली ती मानाची आली होती. मग हाही मानच ऐसे सर्वांनी धरिले, आणि मानकऱ्यांची यादी झाली. पहिला बिल्ला भुजंगरावांस. दुसरा दवाखान्याचे दिवाण यांस, जे किरणखान्याच्या दारातून आत एकदाच डोकावले तेही उद्घाटनाचे दिवशी. तिसरा फडणीसांस. चौथा दिवाणांच्या मेहुण्यांस, ते नुकतेच गावाहून आले होते आणि त्यांस वाईट वाटू नये म्हणोन. पाचवा कोणास द्यावा यावर वाद पडला, मग दिवाणांनी तोड काढिली आणि तो खान्यातल्या देव्हाऱ्यात देवापुढे ठेविला. मथुबाईंचे नाव यादीत कोणी घेतले नाही. आम्हीही घेतले नाही, यादी मात्र आमच्या अक्षरात होती.

आणि मानाची वस्तू उजवे बाजूस शोभते, म्हणोन बिल्ले उजव्या कानशिलावर. यंत्र तर रावांच्या डाव्या हातास. किरण येई डावीकडून, आणि बिल्ला बसला उजवीकडे, मधे रावांचे भले थोरले डोके. तीन मास गेले, आणि हुजुरातून कागद आला. भुजंगरावांस दोन मात्रा, दिवाणांस पूज्य, फडणीसांस पूज्य, मेहुण्यांस पूज्य, देवास पूज्य. सरासरी अर्ध्या मात्रेहूनही कमी. दिवाणांस परम संतोष जाहला. त्यांणीं तो कागद चौकटीत बसवून दारावर लाविला आणि खाली लिहविले, हा खाना निर्धोक आहे.

मग श्रावणमासी गिरमाजीपंत आले. किरण किती व कोठे पडतो यावर देखरेख ठेवावी म्हणोन हुजुरांनी नेमलेला हा किरणअमीन. वय तीस, अंगाने काटकुळे, खांद्यावर नेहमी एक पंचा, आणि स्वभाव ऐसा भिडस्त की दार ढकलण्याआधी दाराचीच परवानगी मागावी. त्यांणीं चौकटीतला कागद वाचिला, पुन्हा वाचिला, आणि आम्हांस हळूच विचारिले, "देवालाही बिल्ला दिलाय?" आम्ही म्हणालो, होय. ते हसले नाहीत. मग ते आमच्या खोलीत येऊन शिशाच्या काचेच्या खिडकीशी बसले आणि आत काम चालू असता पाहू लागले. आमच्या खोलीत एक भोंगा होता, आतले बोलणे त्यातून ऐकू येई. पंत ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. कारण बाई स्तोत्र म्हणत नव्हत्या. बाई म्हणत होत्या, "जरा डावीकडं. हां. आता वर. अजून. थांबा. इथं आवळलंय." आणि रावांचा हात बाईंच्या शब्दांमागे जात होता.

"कारकून," पंत म्हणाले, "रावसाहेबांना पडदा दिसत नाही."

आम्ही गप्प. ते म्हणाले, "तुम्हाला हे माहीत होतं?" आम्ही म्हणालो, आम्ही कारकून आहोत. ते आमच्याकडे पाहत राहिले, आणि त्या पाहण्याने आम्हांस जी लाज वाटली ती अद्याप गेली नाही. खरे सांगावयाचे तर वर्षापूर्वी एके दिवशी रावांनी आमच्यासमोर कागद उलटा धरिला होता तेव्हाच आम्हांस कळले होते. परंतु राव गेले तर खाना बंद पडेल, आणि खाना बंद पडला तर चाळीस कोस, आणि काळजाचा रोगी चाळीस कोस जात नाही. हे राव जाणत, बाई जाणत, आणि आम्ही जाणत होतो, आणि तिघेही एकमेकांशी त्याविषयी बोलत नव्हतो.

दुसरे दिवशी पंत रावांपुढे उभे राहिले. म्हणाले, "रावसाहेब, विनंती होती. बिल्ला डाव्या बाजूला लावावा." राव म्हणाले, "का? उजवी काय वाईट आहे?" पंत म्हणाले, "किरण डावीकडनं येतो. उजवीकडचा बिल्ला तुमच्या डोक्याच्या सावलीत बसतो. तो खरं सांगत नाही." राव हसले आणि म्हणाले, "पंत, मी नऊ हजार माणसं उठवून बसवली. माझ्या डोक्याची सावली चांगली आहे." मग पंत गप्प होतील ऐसे आम्हांस वाटले, परंतु भिडस्त मनुष्य एकदा बोलू लागला म्हणजे थांबत नाही. ते म्हणाले, "आणि देवाचा बिल्ला मथुबाईंना द्यावा. त्या तुमच्यापेक्षाही पुढं वाकतात." हे ऐकून रावांनी बाईंकडे पाहिले नाही. म्हणाले, "लावा. डाव्याला लावा, कपाळाला लावा, हवं तिथं लावा. तीन महिने बघा आणि मग माझा पिच्छा सोडा." ढालीविषयीही पंतांनी अर्ज केला. त्यावर दिवाण बोलिले कीं, पूजा मोडता येणार नाही, पुढे पाहू. मग पंतांनी देव्हाऱ्यापुढे हात जोडिले, बिल्ला उचलिला, आणि मथुबाईंच्या डाव्या भुवईशी बांधिला. बाई म्हणाल्या, "देवाचा आहे, पडला-बिडला तर?" पंत म्हणाले, "देवाला हरकत नाही. मी विचारलंय."

भाद्रपद, आश्विन, कार्तिक ऐसे तीन मास गेले. त्या तीन मासांत आम्ही एक गोष्ट पाहिली, आणि ती लिहिताना हात जड होतो. बाई पूर्वी हातभर वाकत, आता दीड हात वाकू लागल्या. पडदा मेजापलीकडे, आणि यंत्र पडद्याच्या वाटेवर. बाई पडद्याकडे जितक्या सरकत तितक्या यंत्राच्या तोंडाशी जात. पंत खिडकीतून भोंग्यावर म्हणत, "बाई, मागं." बाई मागे होत, आणि घटका न होता पुन्हा पुढे. खंडेनवमी आली तेव्हा ढालीस आणखी कुंकू चढले. पंत ते पाहत कोपऱ्यात उभे राहिले आणि प्रसादही न घेता गेले.

मग मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, मंदवार म्हणजे शनिवार, ते दिवशी सकाळी हुजुराचा कागद आला. आम्ही फोडिला आणि वाचला, आणि पंतांच्या हाती दिला. भुजंगराव, डावी बाजू, अकरा मात्रा. मथुबाई, डावी बाजू, सोळा मात्रा. हे तिमाहीचे आकडे, आणि हद्द वर्षाची वीस. खाली हुजुरातील जाणत्याचा शेरा होता कीं, या दोन असामींस आजच खान्याबाहेर बसवावे, उद्यावर नेऊ नये. पंत कागद घेऊन दाराशी गेले, तो दारातून खाटले आत आले. खाटल्यावर सटवाजी तांबट, वय अठ्ठेचाळीस, घागरीस ठोके घालता घालता छाती धरून बसलेला. ओठ निळे, अंगास घाम, बायको बरोबर धावत आलेली. राव हात धुऊन, चिलखत घालून उभे होते. त्यांणीं पंतांच्या हातातला कागद पाहिला आणि काय ते ओळखिले.

म्हणाले, "किती आहे?"

पंत म्हणाले, "पुष्कळ आहे. आत जाऊ नका."

"मग ह्याला कोण बघणार? तुम्ही?" राव म्हणाले. "चाळीस कोसांवर पाठवा. वाटेत मेला तर त्याच्या बायकोला हा कागद वाचून दाखवा."

हुकूम हाती होता, अधिकार होता, दार त्यांच्या पाठीशी होते, आणि सटवाजीची बायको समोर उभी राहून दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. मग पंत दारातून बाजूस जाहले आणि म्हणाले, "हा एक. ह्यानंतर दार बंद." राव आत गेले, बाई मागोमाग गेल्या, आणि पंत खिडकीशी येऊन बसले ते दोन्ही हात मेजावर घट्ट धरून. आम्ही त्यांस पाणी दिले, ते त्यांणीं घेतले नाही.

आत तार मनगटातून शिरली, दंडातून वर गेली, छातीत उतरली, आणि बाईंचे बोलणे सुरू जाहले. "सरळ. सरळ. आता वळण. हां." मग तार काळजाच्या धमनीत आली, जेथे तिजला दोन फाटे फुटतात. वरच्या फाट्यात रोग. खालचा फाटा बारीक, त्यात चुकून तार रेटली तर धमनी फाटते आणि मनुष्य मेजावरच संपतो. रावांनी पट्टीवर पाय ठेविला, पडद्यावर चित्र हालू लागले, आणि भोंग्यातून बाईंचा आवाज येईना.

"बाई," राव म्हणाले. उत्तर नाही. "बाई, तार कुठं आली?"

सटवाजी जागा होता. तो म्हणाला, "काय झालं हो?"

"काही नाही. पडून राहा," राव म्हणाले, आणि आवाज खाली आणून, "मथुबाई, तार कुठं आहे?"

मग बाई बोलिल्या, आणि रडल्या नाहीत, वाणसामान सांगावे तैसे बोलिल्या. म्हणाल्या, "रावसाहेब, मला दिसत नाही."

"नीट बघा."

"बघतेय. दोन महिने झाले, सगळं दुधातनं बघितल्यासारखं दिसतंय. आजवर नसा पाठ होत्या म्हणून सांगत होते. ह्यांची नस निराळी आहे. ही मला पाठ नाही."

रावांनी पट्टीवरून पाय उचलिला. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजले. तार काळजात, हात तारेवर, आणि दोघांपैकी एकासही ती दिसेना. नाडीचे यंत्र टक टक करीत होते आणि त्याची टकटक मध्येच अडखळू लागली होती. सटवाजी म्हणाला, "छातीवर कोणी बसलंय असं वाटतंय." आम्ही खिडकीतून उठलो आणि पुन्हा बसलो, कारण उठून काय करावे हे आम्हांस कळेना. आणि आमच्या शेजारची खुर्ची मोकळी होती.

पंत आत गेले होते. चिलखत त्यांणीं घाईत ऐसे चढविले कीं पाठीचा बंद पोटावर आला. त्यांणीं ढालीची दोरी हिसकून सोडिली, माळ खाली पडली, आणि खांद्यावरच्या पंच्याने ते काच पुसू लागले. तीन सालांचे कुंकू. पंचा लाल झाला, काच आधी गुलाबी झाली आणि मग निवळली, आणि पंतांनी ती ढाल ओढून राव व यंत्र यांच्यामध्ये आणिली. मग मथुबाईंस दोन्ही खांद्यांस धरून मागे नेले आणि ढालीआड, बाईंच्या जागी, आपण उभे राहिले.

म्हणाले, "रावसाहेब, मी ह्या कामातला अडाणी. जे दिसेल ते सांगतो. डावं म्हणजे पडद्याचं डावं."

राव म्हणाले, "सांगा," आणि पट्टीवर पाय ठेविला.

"तार फाट्यापाशी आहे. तोंड खालच्या फाट्याकडं वळलंय."

"किती आत?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"मागं घेतोय."

"अजून. अजून अर्धा दाणा. निघाली. आता मोकळी आहे."

सटवाजीने मान वळविली आणि पंतांच्या उलट्या चिलखताकडे पाहिले. म्हणाला, "अहो, तुम्ही वैद्य आहात का?"

"नाही," पंत म्हणाले.

"मग?"

"मला दिसतंय."

सटवाजी म्हणाला, "बरं. मग बोलत राहा तुम्ही."

पंत बोलत राहिले. वर, थोडी वर, फार झाली, मागे, आता वरच्या फाट्याचे तोंड समोर आहे, आत गेली, पुढे आवळलेले दिसते, काळ्या दोऱ्यास गाठ मारावी तसे. राव म्हणाले, "तेच. तेच हवं होतं." आणि त्यांचा हात, जो बावीस वर्षे लोक वाखाणीत आले, तो त्या दिवशी एका घाबरट अमिनाच्या शब्दांवर चालला आणि कोठे चुकला नाही. अर्ध्या घटकेत धमनी मोकळी जाहली. सटवाजीच्या ओठांचा निळा रंग गेला, आणि तो म्हणाला कीं, छातीवर बसलेला उठला. त्यास बाहेर नेले, बायको त्याच्या पायांस धरून चालू लागली, आणि आत तिघे उरले आणि खिडकीत आम्ही.

राव तिवईवर बसले. म्हणाले, "पंत, आता कागद वाचा." पंतांनी वाचावयास घेतले, "भुजंगराव, डावी बाजू—" तो राव म्हणाले, "माझा नको. बाईंचा वाचा." पंत म्हणाले, "सोळा." राव म्हणाले, "आणि माझा?" पंत म्हणाले, "अकरा." मथुबाई भिंतीस टेकून उभ्या होत्या, आणि कपाळाचा बिल्ला सोडवावयास त्यांस गाठ सापडत नव्हती. राव त्यांच्याकडे पाहत होते, किंवा त्यांच्या दिशेस पाहत होते. म्हणाले, "मी समजत होतो, डोळे जातायत ते माझे. लोकांसाठी घालवतोय, घालवू द्या. माझे गेल्यावर मी यांचे वापरले." आणि ते ओंजळीत तोंड घालून रडले. इतका मोठा मनुष्य रडताना आम्ही पूर्वी पाहिला नव्हता, आणि आम्हांसही रडू आले, ते आम्ही येथे लिहितो, लपवीत नाही.

मग रावांनी आपल्या हाताने रजेचा कागद लिहिला. ओळ वाकडी गेली. पंतांनीही कागद लिहिला, त्यात राव व बाई यांचे आकडे जैसे आले तैसे लिहिले, आणि खाली आपली कसूर लिहिली कीं, श्रावणात पहिल्याच दिवशी मला कळले असता मी तीन मास आकड्याची वाट पाहत बसलो. दिवाण म्हणाले, हे वाक्य गाळा, राज्याची शोभा जाते. पंत म्हणाले, "गाळत नाही." इतकेच म्हणाले, आणि ते ऐकून दिवाण आपल्या कचेरीत गेले. दारावरची चौकट आम्ही उतरविली. शेजारच्या राज्यातून दुसरे वैद्य येईतो अकरा दिवस खाना बंद राहिला. त्या अकरा दिवसांत दोन रोगी चाळीस कोस पाठविले. एक पोहोचला आणि जगला. दुसरी एक कासारीण होती, ती वाटेत नदीच्या पुलावर वारली. रावांस ही बातमी आम्हीच सांगितली. त्यांणीं तिचे नाव विचारिले आणि ते नाव दोनदा उच्चारिले. बंद ठेविले हे चुकले काय, ऐसे कोणी आम्हांस विचारिले तर आम्हांस उत्तर येत नाही.

पुढे पौषमासी नेत्रवैद्यांनी आधी मथुबाईंच्या आणि मग रावांच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढिला, उजव्याचा पुढे काढावा ऐसे ठरले. रावांचा हट्ट ऐसा कीं बाईंची पट्टी सुटेल तेव्हा मी तेथे असेन. मग पौष वद्य द्वितीयेस सकाळी बाईंची पट्टी सोडिली. राव आपल्या डोळ्यावर हिरवी फडकी बांधून समोर उभे, पंत दाराशी, आम्ही पंतांच्या मागे. बाईंनी डोळा उघडिला, मिटला, पुन्हा उघडिला. खिडकीकडे पाहिले, मग आपल्या हातांकडे पाहिले, तळहात उलटे करून पाहिले. रावांस धीर धरवेना. म्हणाले, "मथुबाई, माझ्यावर रागावलात ना?"

बाईंनी मान वर केली आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिले, फार वेळ पाहिले. म्हणाल्या, "एवढ्यात कसं सांगू, रावसाहेब. चार महिने झाले तुमचं तोंड दिसून. आधी नीट बघू तर द्या."

आणि राव हलले नाहीत. बाईंचे पाहणे होईतो तैसेच उभे राहिले.

येणेप्रमाणे वर्तमान. सारांश इतकाच कीं बिल्ले मान म्हणोन वाटले, मान जेथे शोभतो तेथे लाविले, आणि जिचे डोळे जात होते तिजला पाचांत जागा नव्हती. हल्ली त्या खान्यात बिल्ले नऊ आहेत, जो आत उभा राहतो त्यास मिळतात आणि जो उभा राहत नाही त्यास मिळत नाहीत. दिवाणांचे मेहुणे रुसले आहेत. मथुबाई कामावर आहेत, बाहेरच्या दालनात. भुजंगराव नव्या वैद्यांस शिकवितात, खिडकीच्या अलीकडून, आमच्या शेजारी बसून. आम्हांस सर्व ठाऊक होते आणि आम्ही वेळेवर बोललो नाही, म्हणोन इतके लिहिले.